बाकीचा कडबा कुठं गेला

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकणार. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच राहिली नाही. अक्षर तर असं, की आमची कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालली असती तर बरं आलं असतं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं. लागू नये म्हणूनच मी ती ज्वारीच्या पिंपामागं ठेवते.

वही खरं तर शेळ्यांची आहे. पुढची पानं सरांनी भरली, मागची मोकळी राहिली. सरांना मोकळं पान वाया गेलेलं सहन व्हायचं नाही. म्हणून त्यांच्यावरच लिहिते.

सर म्हणजे होटगी रस्त्याला राहणारे सर. कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवून रिटायर झालेले. मी सहा वर्षं त्यांच्याकडं झाडलोट, भांडी आणि दोन वेळच्या भाकरी करत होते. बाई गेलेल्या, मुलगी धारवाडला दिलेली. घरात सर एकटे, आणि एक वजनकाटा. माणसाच्या घरात देव्हारा असतो तसा त्यांच्या घरात तो काटा मध्यभागी लोखंडी आकड्याला टांगलेला असायचा. खाली अडकवा आणि आकडा वाचा.

ते सगळं मोजायचे. ताटात राहिलेली भाकरी मोजायचे, चिंचेखाली पडलेला पाला मोजायचे. एकदा खिडकीत मेलेली पाल मोजली आणि मग बसून सांगितलं, की ही पाल एवढी व्हायला किती चिलटं लागली असतील. मी भांडी घासत होते. मला काही विचारलं नव्हतं, तरी मी "व्हय सर" म्हणाले. मी तेव्हा सगळ्यालाच "व्हय सर" म्हणायची. ते एकदा मला लई महागात पडलं असतं, ते पुढं येईल.

मोजताना ते कानडीत मोजायचे. एरवी बोलणं सगळं मराठी, पण आकडा आला की "ओंदु, एरडु, मूरु". त्यांच्या आईनं अक्कलकोटकडं अंगणात बसवून शिकवलेलं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. रागावले तरी कानडीत रागवायचे. त्यामुळं कधी कधी ते रागावलेत की नुसतेच मोजतायत, हे मला कळायचं नाही.

मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल टाकून ते गच्चीत बसायचे. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक घार यायची, तिच्यासाठी. सोलापूरचं ऊन, कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत, आणि हे घारीकडं बघत बसलेले. मी ताक घेऊन वर गेले की विचारायचे, "या माळावर नाकतोडे किती असतील?"

"लई असत्याल सर."

"सरडे?"

"त्याच्याहून कमी."

"आणि घारी?"

"ही एकच दिसती."

"का?"

मी ताकाचा पेला पुढं करायची. मग ते सांगायचे. गवत ऊन खातं. नाकतोडा गवत खातो. सरडा नाकतोडा खातो, घार सरडा खाते. पण दर पायरीला शंभरातले नव्वद जातात आणि दहाच्या आसपास वर चढतात. घारीपर्यंत पोचेस्तोवर चिमूटभर उरतं. म्हणून एवढ्या माळाला एक घार. दोन असत्या तर उपाशी मेल्या असत्या.

हे मात्र मला पहिल्याच वेळी समजलं. आमच्या घरी पण हेच होतं. टोपल्यात दहा भाकरी असल्या तरी आधी मालक, मग दीर, मग पोरं, मग सासूबाई, आणि टोपलं माझ्यापर्यंत येईतो तळाला अर्धी उरलेली. एवढं मनात आलं आणि कसं काय कोण जाणे, तोंडातून बाहेर पडलं. सरांनी टॉवेल मागं सारला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे तू घार आहेस."

त्यानंतर मी घरात आले की ते आतून विचारायचे, "घार आली का?" आमच्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घार न्हवं, चिमणी हाय ती. तोंड उघडायला मुहूर्त लागतोय."

भाकरीला ते वाळवलेलं ऊन म्हणायचे. मंगळवेढ्याची ज्वारी असली तर चांगल्या प्रतीचं ऊन. मटण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नाही. पण धर्माचं ते काही बोलायचे नाहीत. "धर्म बाजूला ठेव. हिशेब सांगतो. ज्वारी तू खाल्लीस तर एक पायरी. ज्वारी शेळीला घातलीस आणि शेळी तू खाल्लीस तर दोन पायऱ्या. मधल्या पायरीला नव्वद गेले. तोट्याचा धंदा." हे ऐकून मी घरी जाऊन मटण बंद केलं असतं तर सासूबाईंनी मला घरातूनच बंद केलं असतं.

अशा माणसानं मला शेळ्या घ्यायला पैसे दिले.

झालं असं, की हप्ते थकून मालकांचा टेम्पो गेला आणि चार महिने घरात नुसतीच माझी कमाई. मी सरांकडं मागितले नव्हते. मागणं मला जमतच नाही. पण मी भांडी घासताना दोनदा हातातलं ताट पाडलं, तेव्हा त्यांनी काटा बाजूला ठेवून विचारलं. मी म्हणाले, दोन पाटी घेतल्या तर वर्षादीड वर्षात पिलं सुरू होतील. पाट म्हणजे अजून न व्यायलेली शेळी. सरांना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

अकरा हजाराच्या दोन पाटी आणि पाच हजाराचा कडबा. सोळा हजार. कागद नाही, सही नाही, व्याज नाही. अट एकच. पहिले चार महिने पाटी बांधून ठेवायच्या, बाहेर चरायला सोडायच्या नाहीत, आणि पोटात जाईल ते सगळं मोजून घालायचं. उरलेलं उष्टं मोजून वजा करायचं. दर रविवारी ते येऊन पाटींचं वजन करणार.

"व्हय सर," मी म्हणाले.

पाटी मोहोळच्या बाजारातून आल्या. पहिल्या रविवारी सर रिक्षातून उतरले, मांडीवर काटा. शेळीला काट्याला अडकवायचं कसं? त्यासाठी त्यांनी घरातली सोलापुरी चादर आणली होती, मोराचं चित्र असलेली. तिची झोळी केली, पाट झोळीत घातली, झोळी लिंबाच्या फांदीला. चार पाय बाहेर, मोर खाली, आणि सर चष्मा वर करून आकडा वाचतायत. गल्ली गोळा झाली. पाटीनं तेवढ्यात चादरीत जे करायचं ते केलं. सर म्हणाले, "थांबा, हे वजा करावं लागेल."

सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. "मास्तर, वजन केल्यानं शेळी वाढती व्हय?"

"नाही आजी. पण किती वाढली ते कळतं."

"ते मला उचलून बी कळतंय की."

"उचला बरं."

सासूबाईंनी उठून पाट उचलली आणि म्हणाल्या, "बारा." काट्यावर बारा भरले. त्यानंतर सर दर रविवारी आधी सासूबाईंना विचारायचे आणि मग काटा बघायचे. दोघांत फरक आला की काटा तपासायचे.

वहीत चार रकाने होते. खाल्लं, उष्टं, वाढ, शेरा. शेऱ्यात काय काय आहे ते मी अजून कधी कधी वाचते. एकदा थोरल्या पाटीनं वहीचं पानच खाल्लं. दुसऱ्या पानावर सरांनी लिहिलंय, "कागद, दोन ग्रॅम. 'खाल्लं'मध्ये धरावा." सासूबाई चोरून शिळी भाकरी घालायच्या, ते त्यांना पाटींच्या तोंडावरून कळलं. तिथं लिहिलंय, "आजी, अंदाजे." पुढं प्रत्येक आठवड्याला ते "आजी, अंदाजे" आहेच.

मी मात्र कडबा इमानानं मोजला. बारीक कुट्टी करून, पिशवीत भरून, सरांनी ठेवायला दिलेल्या धाकट्या काट्याला लावून, सकाळ-संध्याकाळ. शेजारी म्हैस होती. शेजारीण दोनदा म्हणाली, "चार पेंड्या दे की गं, मास्तरला काय कळतंय." मी दिल्या नाहीत. ती मला आठ दिवस बोलली नाही.

चार महिने झाले. दिवाळी होऊन थंडी पडली होती. सर आले, शेवटचं वजन झालं, मग लिंबाखाली बसून त्यांनी सगळ्या रकान्यांची बेरीज केली. ओंदु, एरडु. मी समोर उभी. मालक पण त्या दिवशी घरी होते, सासूबाई होत्या, शेजारीण भिंतीवरून बघत होती.

"दोघींनी मिळून दोनशे चाळीस किलो खाल्लं," सर म्हणाले. "आणि दोघी मिळून वाढल्या सतरा किलो. म्हणजे शंभराला सात. पुस्तकात दहा सांगतात. तुझे सात आले."

मग त्यांनी बोट माझ्याकडं केलं. "सांग. बाकीचा कडबा कुठं गेला?"

पुस्तकात दहा, माझ्याकडं सात. तीन कमी. कडबा त्यांच्या पैशाचा, पिशवी माझ्या हातातली, आणि भिंतीपलीकडं म्हैस. नेहमी तोंडात येणारं "व्हय सर" त्या दिवशी आलं असतं तर तो कबुलीजबाबच झाला असता. मी पाटीच्या दाव्याची गाठ सोडून परत बांधली. सर हसून म्हणाले, "विचार कर. घाई नाही. पुढच्या रविवारी सांग."

हसले, हे मला जास्त लागलं.

ते गेल्यावर मालक म्हणाले, "काय भानगड हाय?" सासूबाई म्हणाल्या, "मास्तरला वाटतंय सुनेनं कडबा इकला." मग माझ्याकडं वळून, "इकलास काय गं?"

"न्हाई आत्या."

"मग झालं. मास्तरचं डोकं काट्याला लागलंय."

पण त्यांचं झालं म्हणून माझं झालं नाही. सोळा हजार घेतलेल्या बाईनं गप्प राहायचं असतं. भांडायचं तर आधी पैसे टाकायला पाहिजेत, आणि ते नव्हते. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी एक गोष्ट सुचली. जे आत गेलं ते बाहेर पण येतं.

मी आठ दिवस लेंड्या गोळा केल्या. पाटींच्या खाली गोणपाट अंथरलं, एक लेंडी मातीत जाऊ दिली नाही. पत्र्यावर वाळवल्या, पिशवीत भरल्या. शेजारीण म्हणाली, "आता ह्येबी मास्तर इकत घेणार व्हय?" मी ऐकलं नाही. रविवारी सर रिक्षातून उतरायच्या आधीच मी पिशवी धाकट्या काट्याला लावून लिंबाला अडकवून ठेवली होती.

"हे काय?"

"लेंड्या सर. आठ दिवसांच्या, वाळवलेल्या. आठ दिवसांत सोळा किलो खाल्लं. ह्या सात किलो हायत. बघा काटा."

सरांनी काटा बघितला. परत बघितला. मग पिशवी खाली उतरवून तिच्यात हात घातला आणि लेंड्या मुठीत घेऊन असे उभे राहिले, जसे काही कुणी त्यांच्या हातात मोती ठेवलेत. "तू वाळवून मोजल्यास? ओल्या मोजल्या असत्यास तर पाणी धरलं गेलं असतं. हे कुणी सांगितलं तुला?"

"माझं मलाच सुचलं. कडबा बी वाळलेलाच असतोय की."

"आणि मूत्र?"

"ते मातीत गेलं सर."

"पुढच्या आठवड्यात बादली लावू."

"न्हाई सर."

मी सरांना म्हटलेलं ते पहिलं 'न्हाई'. त्यांनी लगेच मान्य केलं.

मग बसून हिशेब केला. शंभरातले सात अंगावर चढले. चव्वेचाळीस लेंड्यांत. म्हणजे एक्कावन्न. अजून निम्मा कडबा बेपत्ताच. सर उठले, म्हणाले, "इकडं ये. हिच्या पोटाला हात लाव."

थंडी होती, माझे हात गार पडलेले. पाटीच्या पोटाला हात लावला तर चुलीजवळ धरल्यासारखा वाटला.

"गरम आहे?"

"व्हय सर."

"तिथं गेला. ती रात्रंदिवस गरम राहते, त्याला सरपण लागतं. उड्या मारते, ओरडते, माझी चादर खराब करते, श्वास सोडते. सगळ्याला कडबा जळतो. लेंड्या कुणाच्या तरी रानात पडतील, माती होईल, परत कडबा उगवेल. ते फिरत राहतं. ही ऊब मात्र एकदा गेली की गेली. कुणाला परत धरता येत नाही. म्हणून तर सूर्याला रोज कामावर यावं लागतं, तुझ्यासारखं. आणि ते पुस्तकातले दहासुद्धा अंदाजे गं, तुझ्या सासूबाईंसारखे. कुठं सात येतात, कुठं पंधरा, कुठं दोनच."

सगळं समजलं. हात पोटावर होता, त्यामुळं जास्तच समजलं. कडबा चोरीला गेला नव्हता हे आता सरांना पण कळलं असणार, असं मी धरलं. पण आधी त्यांना तसं वाटलं होतं, गल्लीसमोर त्यांनी बोट केलं होतं, ते काही गेलं नाही. मी ठरवलं, सोळा हजार एक रुपयाही कमी न करता परत द्यायचे आणि त्या दिवशी त्यांना विचारायचं. तोपर्यंत नाही.

त्याला तीन वर्षं लागली. थोरल्या पाटीनं पहिल्या वेतात एकच पिलू दिलं, तेही बोकड. धाकटीला दोन झाली. बोकड विकले की पैसे सरांकडं जायचे. त्यांना घ्यायला आवडायचं नाही. "घार कधी नाकतोड्याला परत देते का? निसर्गात पुढंच जातं, मागं येत नाही. पोरीच्या शाळेला लाव."

"माणसात मागं द्यावं लागतंय सर," मी म्हणायची आणि नोटा काट्याशेजारी ठेवायची. ते मग वहीत लिहायचे.

यंदा चैत्रात ते म्हणाले, की मुलगी न्यायला येणार आहे, जेठात कायमचं धारवाडला. घर विकायला काढलंय. चार हजार अजून बाकी होते. घरात दोन बोकड होते, ईद तोंडावर होती. मालक म्हणाले, "अजून दोन महिने थांब, वजन धरत्याल." सासूबाईंनी दोन्ही बोकड एकेक करून उचलले. "थांबायचं काय काम न्हाई," त्या म्हणाल्या. "चार हजाराच्या वर जातंय. जा बाजारला." त्यांनी मला कारण विचारलं नाही. त्या उंबऱ्यात बसलेल्या असतात, पण सगळं दिसतं त्यांना.

सामान बांधून झालं होतं तेव्हा मी गेले. भिंती मोकळ्या, काटा तेवढा अजून टांगलेला. मी चार हजार ठेवले. सरांनी मोजले, कानडीत, तीनदा. मग नोटा काट्याला लावून बघितल्या. काटा हललाच नाही. "शेळीपेक्षा हलके," ते म्हणाले आणि हसले. मग वही काढली आणि लिहिलं. दिले सोळा हजार. परत आले सोळा हजार. "शंभराला शंभर. हे कुठल्याच पुस्तकात नाही, घारबाई."

मी म्हणाले, "सर, एक विचारू?"

"विचार."

"तुमाला वाटलं हुतं का, की मी कडबा इकला?"

त्यांना कळलंच नाही. "कधी?"

"बाकीचा कडबा कुठं गेला, म्हणला तुमी. लिंबाखाली. सगळ्यांम्होरं."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले. "अगं, तो प्रश्न मी तीस वर्षं वर्गात विचारला. असंच बोट करून. पहिल्या तासाला. पोरं विचार करायला लागावीत म्हणून."

"मी वर्गात नव्हते सर."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडं सरांनी लक्षच दिलं नाही.

"म्हणून लेंड्या मोजल्यास?"

"व्हय सर."

"आणि मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो, की आमच्या घारीला विषयाची गोडी लागलीय."

"ती बी लागली सर. नंतर."

त्यांनी वही परत उघडली. दिले आणि परत आले यांच्या पुढं एक रकाना आखला. वर लिहिलं, उष्णता. पेन तिथंच धरून ठेवलं. आकडा लिहिणार म्हणून मी वाट बघत होते, ओठ हलतात का बघत होते. ते हलले नाहीत. मग त्यांनी सावकाश लिहिलं, "बरीच गेली. मोजायची माझ्याकडून राहिली."

त्याच्या खाली एक रेघ मारली, लिहिलं, "रक्कम पूर्ण मिळाली," सही केली आणि वही माझ्या हातात दिली.